त्याच्या तोंडी घातलेला होकार

माझ्या सर्वांत जुन्या मित्राने ज्या प्रश्नांना उत्तर द्यायचे स्पष्ट नाकारले होते, त्या प्रश्नांची उत्तरे मी त्याच्या वतीने, त्याच्या बोलीत आणि त्याच्या सुरात देऊन टाकली. हे मी बरेच दिवस कुणालाही सांगितले नाही. पत्नीला नाही, सोबत काम करणाऱ्या सहकाऱ्यांना नाही, आणि ज्याच्या तोंडी ते शब्द घातले त्याला तर नाहीच. मी एरवी वरच्या पट्टीत बोलणारा माणूस नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोहोचत नाही, अशी विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार असते. इतक्या मवाळ माणसाच्या हातून मोठा अपराध होणार नाही, असा लोकांचा माझ्याविषयी समज होता. खरे सांगायचे तर तो माझाही होता, आणि त्याच्याच आडोशाला मी इतके दिवस बसलो.

मित्र धुळ्याचा, पिंजारी. जुन्या धुळ्यातल्या ज्या गल्लीत आम्ही दोघे वाढलो, तिथेच त्याचे कापूस पिंजण्याचे आणि गाद्या-रजया भरण्याचे दुकान आहे. घरात तो हिंदी बोलतो, गिऱ्हाइकांशी अहिराणी, आणि माझ्याशी बहुधा अहिराणीच, कारण लहानपणीच्या शिव्या आम्ही त्याच भाषेत शिकलो. गल्ली त्याला चाचा म्हणते. दुकानापुढे एक दगडी ओटा आहे. नळाच्या पाळीचा तंटा असो की कुणाच्या मुलीसाठी आलेले स्थळ, गल्लीतल्या गोष्टी त्या ओट्यावर चहा पिता पिता ठरत. चाचा फारसा बोलत नसे. शेवटी एखादे वाक्य बोलून पिंजण्याच्या यंत्राकडे वळे, आणि बहुतेक वेळा तेच वाक्य टिके.

मी पुढे पांझरा नदीपलीकडे देवपुरात घर केले आणि जळगावच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवू लागलो. एसटीने जाणे, एसटीने येणे. आयुष्याचा बराच भाग माझ्या मांडीवरच्या पिशवीसोबत एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्यावर गेला आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत तो प्रकल्प सुरू झाला, तेव्हा मला फार आनंद झाला होता. जुन्या धुळ्याचा एक भाग संगणकात जसाच्या तसा उभा करायचा होता. वळणे, पायऱ्या, उघडी गटारे, सगळ्यांसकट. मग त्या आभासी गल्लीत माणसे वसवायची. प्रत्येक रहिवाशाशी दीर्घ बोलणे करायचे, ते ध्वनिमुद्रित करायचे, आणि त्यावरून संगणकाने त्या माणसाचे प्रतिरूप घडवायचे. हे प्रतिरूप सकाळी दुकान उघडे, शेजाऱ्याशी वाद घाली, रुसे, दुसऱ्याचे ऐकून मत बदली. गल्ली रुंद करावी आणि तिथली दुकाने वळणरस्त्याजवळच्या नव्या संकुलात हलवावीत, असा प्रस्ताव होता. तसे केले तर लोक काय करतील, हे आधी या प्रतिरूपांवर पाहायचे होते. खऱ्या माणसांना त्रास देण्याआधी तो त्यांच्या सावल्यांना द्यावा, यात मला एक प्रकारची करुणा दिसली होती. तो विचार मला आजही वाईट वाटत नाही. वाईट जे झाले ते माझ्या हातून झाले.

माझ्याच गल्लीचे काम म्हणून मुलाखती माझ्याकडे आल्या. सगळ्यांनी दिल्या. पत्र्याच्या पेट्या करणारा चाचाच्या दुकानासमोरचा शेजारी तर थांबेचना. चाचाकडे गेलो तेव्हा तो यंत्रावर होता, भुवयांवर कापूस बसलेला. मी मोबाइल काढून ओट्यावर ठेवला.

"हाई काय शे?"

"तुझ्याशी बोलायचंय. तू जसा आहेस तसा संगणकात उतरवायचा."

"मी एक शे, तोच घरमा कोणाले सहन व्हत नही. आखो दुसरा कसाले?"

ओट्यावरची मंडळी हसली. पेटीवाला म्हणाला, "बनवून घ्या चाचा! डुप्लिकेट दुकानात बसंल, तुम्ही आरामात झोपा."

"आन गिऱ्हाईक गाया कोणाले देई? त्याले का माले?"

शिव्या कुणाला, या सवालावरचा हशा ओसरल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, सुनावणी व्हई तवय मी सोता बोलसू. मनं तोंड शे अजून."

प्रस्तावावर लोकांची सुनावणी होणार होती आणि तिथे आपण स्वतः बोलू, एवढेच त्याचे म्हणणे होते. मी पुन्हा एकदा गेलो. त्याने चहा मागवला, जावयाच्या नोकरीविषयी बोलला, कापसाच्या प्रतीविषयी बोलला, आणि मी मोबाइलला हात लावताच उठून यंत्र सुरू केले.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्या गल्लीत कुलूप लावलेले घरही गप्प राहत नसे. शिरगणतीचा माणूस आला, मीटर पाहणारा आला, तर शेजारी म्हणे, "त्यांचं मी सांगतो." सिलिंडर शेजाऱ्याने उतरवून घ्यायचा, टपाल शेजाऱ्याने घ्यायचे, घरात माणसे किती हेही शेजाऱ्यानेच सांगायचे. आम्ही एकदा गावाला गेलो असताना असाच एक माणूस आला, आणि माझ्या मित्राने माझ्या आईचे शिक्षण चौथी म्हणून लिहून दिले. आई शाळेची पायरी चढलेली नव्हती. परत आल्यावर तिला हे कळले तेव्हा ती पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली, आणि तिचे डोळे भरून आले. त्यानंतर ती जाईपर्यंत तो तिला "चौथी पास काकू" म्हणत राहिला. कधी एकदाही त्याने ते मागे घेतले नाही.

चाचाचे घर आमच्या आभासी गल्लीत रिकामे राहिले तेव्हा मला हीच रीत आठवली. किंवा मी ती मुद्दाम आठवली. एका घराचे भोक राहिले तर सगळी गल्ली चुकीची वागते, असे प्रकल्पप्रमुख बाई वारंवार सांगत. मी म्हणालो, "त्यांचं मी देतो." त्यांना वाटले, मी मुलाखत आणून देतो. मी त्यांचा तो समज दूर केला नाही.

दोन दुपारी मी बंद खोलीत बसून त्याच्यासारखा बोललो. मला ते सहज जमले, हेच आज सर्वांत बोचते. त्याचे थांबणे, त्याचे "दख भो" म्हणत मान तिरकी करणे, गिऱ्हाइकाला टोमणा मारून लगेच चहा पाजणे, सगळे माझ्या जिभेवर होते. मुख्य प्रश्न आला: गल्लीतली दुकाने हलली तर तुम्ही काय कराल? मग मला एक दिवस आठवला. त्याच्या बायकोला दफन करून सगळे परतले होते. माणसे पांगली आणि आम्ही दोघेच ओट्यावर उरलो. तो बंद यंत्राकडे पाहत म्हणाला होता, "आते या गल्लीमा मनं काय ऱ्हायनं? बठ्ठा जातीन तर मी बी निंघी जासू." सगळे गेले तर मीही निघून जाईन. त्या दिवशी मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. बंद खोलीत मी तेच वाक्य संगणकाला दिले.

मनात दुसरेही काही होते. कापसाच्या धुळीने त्याचा खोकला वाढला होता. नव्या संकुलात हवा खेळती असेल, तो सुखी होईल, असे मला वाटत होते. म्हणजे माझे मत मी त्याच्या दुःखात गुंडाळून पुढे केले. दुःखात बोललेले वाक्य म्हणजे माणसाचे मत नव्हे, हे समाजशास्त्राच्या अध्यापकाला कुणी वेगळे सांगायला हवे होते का?

"सर, सगळ्या गल्लीत हाच सर्वांत जिवंत वाटतो," संगणक विभागातली एक तरुण सहकारी म्हणाली. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही.

मग गल्ली चालवली. पडद्यावर दिवस भराभर उलटत होते. सुरुवातीला बहुतेक प्रतिरूपे जायला नाराज होती. पेटीवाल्याचे तर भांडायलाच उठले होते. परंतु संध्याकाळी तीही ओट्यावर जमत, कारण खरी माणसे तिथे जमतात असे त्यांनी सांगितले होते. ओट्यावरचा चाचा शेवटी एक वाक्य बोले. माझे वाक्य. हळूहळू एकेका घराचा रंग बदलत गेला आणि अखेरीस सगळी गल्ली निघायला तयार झाली. "बघा, एका माणसाचा प्रभाव!" प्रकल्पप्रमुख बाई कौतुकाने म्हणाल्या. माझ्या हातातला चहा निवून गेला होता.

सुनावणीच्या दिवशी माझा मित्र इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आला. तिसऱ्या रांगेत बसून तो ओठ हलवत होता. बोलायचे वाक्य घोळवत असावा. मी मंचाच्या बाजूला, प्रकल्पाच्या लोकांत. लोकांना बोलू देण्याआधी अधिकाऱ्यांनी पडद्यावर आमची आभासी गल्ली दाखवली. ओळखीची दुकाने दिसताच मंडळी खुशीत आली. आणि मग पडद्यावर तो आला. तीच दाढी, तीच टोपी. त्याच्या मुलीच्या लग्नात काढलेल्या माझ्या मोबाइलमधल्या फोटोवरून तो चेहरा घेतला होता. मूळ फोटोत त्याच्या खांद्यावर माझा हात आहे. तो हात कापून काढला होता.

पडद्यावरचा चाचा मान तिरकी करून म्हणाला, "आते या गल्लीमा मनं काय ऱ्हायनं? बठ्ठा जातीन तर मी बी निंघी जासू."

गल्लीची माणसे वळून त्याच्याकडे पाहू लागली. तो उभा राहिला.

"हाऊ मी नही," तो म्हणाला.

"मग काय जुळा भाऊ आहे का चाचा?" मागून पेटीवाल्याचा आवाज आला. हसण्याची एक लाट गेली, पण त्या हसण्यात ओट्यावरची ऊब नव्हती.

अधिकारी नम्रपणे म्हणाले, "चाचा, तुमचं म्हणणं आमच्याकडे आलेलं आहे. आता इतरांना बोलू द्या."

त्याने एकदा, एकदाच, माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीचे झाकण घट्ट करत होतो. ते आधीच घट्ट होते. मी उभा राहून चार शब्द बोललो असतो तर सगळे तिथेच मिटले असते. मी बोललो नाही. तो खाली बसला, आणि घोळवलेले वाक्य त्याच्या तोंडातच राहिले.

त्यानंतर गल्लीने त्याला वाळीत टाकले असे म्हणता येणार नाही. भांडण झाले नाही. फक्त ओट्यावर बसणे बंद झाले. चहाची किटली त्याच्या दुकानासमोरून पुढे जाऊ लागली आणि समोर पेटीवाल्याच्या उंबऱ्याशी थांबू लागली. आमच्यासमोर एक बोलतो आणि आत जाऊन सरकारला हो म्हणून येतो, अशी त्यांची खात्री झाली होती. कुणी जाता जाता विचारी, "चाचा, आज दुकानात कोण आहे, खरा का संगणकातला?" ज्याचे एक वाक्य टिकत असे, त्याच्या कुठल्याच वाक्याला आता किंमत उरली नव्हती. त्याच्या शब्दाची किंमत हीच त्याची खरी मिळकत होती, हे मला तेव्हा कळले.

माझे मन एका जागी ठरेना. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी मी उठून उभा राहत असे. वर्गात फळ्यावर अर्धे वाक्य लिहून पुसून टाकी. आणि मधल्या सुट्टीत, सहकारी जेवायला गेले की, मागच्या इमारतीत जाऊन मी त्या प्रतिरूपासमोर बसू लागलो.

"माझ्याकडून फार मोठी चूक झाली," मी त्याला म्हणे.

"जाऊ दे ना मास्तर," ते म्हणे. "चहा ली ले."

दर वेळी तेच. किती सहज माफ करत असे! ती माफी घेऊन मी बसमध्ये चढे. एरंडोलपर्यंत तिचा आधार वाटे, पारोळा येईतो ती ओसरलेली असे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई.

एका दुपारी, का कोण जाणे, मी त्याला विचारले, "माझी आई किती शिकली होती रे?"

"ती कोठे शाळामा जायेल व्हती?" प्रतिरूप म्हणाले.

मी खुर्ची मागे सरकवली. उत्तर बरोबर होते. बंद खोलीत बोलण्याच्या ओघात मीच ते कधीतरी सांगितले असणार. परंतु माझा मित्र हे उत्तर मेला तरी देणार नाही. पडद्यावर इतके दिवस मला कोण माफ करत होते, ते मला त्या क्षणी दिसले. मीच मागत होतो आणि मीच देत होतो.

त्याच आठवड्यात मी प्रकल्पप्रमुख बाईंना विनंती करून चाचाचे प्रतिरूप काढून गल्ली पुन्हा चालवून घेतली. कारण विचारले तेव्हा नुसते "बघू या" म्हणालो. गल्ली जागची हलली नाही. पेटीवाल्याचे प्रतिरूप शेवटपर्यंत भांडत होते.

"गंमत आहे," बाई म्हणाल्या. "पण अहवाल वर गेलाय, सर, पुढच्या सुनावणीत तोच मांडणार. आणि एका माणसाने असा काय फरक पडतो?"

"एका माणसानेच पडला," मी म्हणालो.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

असा मी.

शेवटी धीर करून मी दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हते. मी आत जाऊन, यंत्राच्या आवाजात, जवळजवळ त्याच्या कानाशी सगळे सांगितले. तो हातातला कापूस मोकळा करत राहिला.

"माले मालूम शे," तो म्हणाला. "पडद्यावर तो बोलना तवयच मालूम पडनं. ते बोलणं मी तुनामोरेच बोलेल व्हतू. दुसरं कोणी नव्हतं तठे."

इतके दिवस त्याने ते मला विचारलेही नव्हते.

"मी समजलो होतो," मी चाचरत म्हणालो, "आपल्यात शेजाऱ्याचं सांगायची रीतच आहे. तूही माझ्या आईचं..."

तो किंचित हसला. "तुनी मायले मी चौथी पास करं, तर ती हासनी. तू माले पास करं, तर गल्ली हासनी."

मी हात जोडले. त्याने ते धरून खाली केले.

"माले माफी मांगीसन काय फायदा, मास्तर? माले तं मालूमच शे. ज्यासले मालूम नही, त्यासले सांग."

समोरच्या उंबऱ्याशी चहा चालला होता. चार पावले टाकली असती तर झाले असते. मी चपला घातल्या आणि घरी निघून आलो. पुढे कित्येक दिवस बाजाराला जाताना मी ती गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने गेलो.

थंडी पडू लागली. दरवर्षी या सुमारास तो न सांगता कुणालातरी पाठवून आमच्या रजया मागवून घेई आणि नव्याने पिंजून, भरून परत करी. पत्नीने रजया उन्हात टाकल्या, घडी करून दाराशी ठेवल्या. रोज संध्याकाळी ती तो गठ्ठा आत घेई, सकाळी पुन्हा बाहेर ठेवी. एकदा म्हणाली, "भाऊंचा माणूस अजून कसा आला नाही? तुमचं काही झालंय का?" मी "नाही" म्हणालो. त्या एका शब्दाने मला रात्रभर पाठ टेकू दिली नाही. सकाळी मी गठ्ठा स्कूटरवर बांधला.

गल्लीत शिरलो तेव्हा समोरच्या उंबऱ्याशी नेहमीची मंडळी कपबशा घेऊन बसलेली होती. चाचाचा ओटा मोकळा होता. आत यंत्र चालू होते. मी गठ्ठा ओट्यावर ठेवला आणि मंडळींकडे तोंड करून उभा राहिलो.

"काय सर," पेटीवाला म्हणाला, "आज कोणाचं डुप्लिकेट काढायचंय?"

मी बोलायला सुरुवात केली. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"मोठ्यानं बोला हो! इथं कॉलेज नाही."

तेवढ्यात मागे यंत्र बंद झाले. त्याने ते बंद केले होते. कापूस पिंजून झाला म्हणून, की माझ्यासाठी, हे मी अजून विचारलेले नाही. गल्ली एकदम इतकी शांत झाली की बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. मी वळून पाहिले नाही. पाहिले असते तर पुन्हा हळू बोललो असतो.

"सुनावणीत पडद्यावर जो बोलला तो चाचा नव्हता," मी म्हणालो, आणि माझा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. "तो मी होतो. याने मला मुलाखत दिलीच नाही. मी सोता बोलसू, म्हणाला होता. मी ते ऐकून घेतलं नाही. याच्या बायकोला माती देऊन आलो त्या दिवशी हा माझ्याजवळ जे बोलला, ते मी याचा होकार म्हणून संगणकाला दिलं. हा कुणाला हो म्हणालेला नाही. सभागृहात हा उभा राहिला तेव्हा मी समोर बसलो होतो आणि गप्प राहिलो. पुढच्या सुनावणीत मी हेच सांगणार आहे. पण आधी इथे सांगतोय, कारण याची बेअब्रू इथे झाली." मग मी त्याच्याकडे वळलो. तो दुकानाच्या दारात उभा होता, भुवयांवर कापूस. "तुझं तोंड शाबूत असताना मी तुझ्या वतीने बोललो. गल्लीसमोर तुला मान खाली घालायला लावली. मी तुझा अपराधी आहे. या सगळ्यांसमोर माफी मागतो. माले माफ कर, भो."